दगड पुरण्याआधी

हिलरीची हाडं आज घरी येणार होती, आणि अपोलोनियाला सकाळपासून एकच धास्ती होती: ह्या बाप्यांच्या भाषणांत खरं कारण पुन्हा बुडून जाईल.

तिचा हा धाकटा भाऊ लढाईत मेला त्याला पंचवीस वर्षं झाली, पण त्यानं तिला धड जगू दिलं नव्हतं. माणूस पुरला नाही की तो घराभोवतीच घोटाळतो, हे मोकोरी गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण हिलरी नुसता घोटाळत नव्हता, कामं करत होता! भर दुपारी कोकोच्या बागेतून त्याच्या कोयत्याचा आवाज यायचा. ठक, ठक, ठक, मग थांबायचा. घाम पुसायला तो जेवढा थांबायचा ना, अगदी तेवढाच. ती धावत जायची तर बागेत चिटपाखरू नाही आणि एक फांदी तुटलेली नाही. चुलीपाशी त्याच्या नावानं ठेवलेलं रताळं संध्याकाळी तसंच असायचं.

"काय हवंय रे बाबा तुला?" ती विचारायची. तिला पक्कं वाटायचं, तो विचारतोय, मला कशासाठी मारलं?

आता बोगनविल बेटावर ह्या प्रश्नाच्या उत्तरांना काय तोटा! लढाई कशासाठी झाली म्हणून विचारा, जो तो उत्तर घेऊन तयारच.

आजही तेच. नीरफणसाच्या झाडाखाली दोन्ही घरं समोरासमोर बसली होती, मारणाऱ्याचं एकीकडे आणि मेलेल्याचं दुसरीकडे. मध्ये खड्डा, खड्ड्याच्या काठावर नदीतून आणलेला भला थोरला दगड. रीत अशी की दोन्हीकडच्यांनी पोटातलं सगळं बोलून टाकायचं, एकत्र सुपारी चघळायची आणि दगड पुरायचा. एकदा दगड पुरला की तो विषय मरेपर्यंत काढायचा नाही. काढेल त्याला दोन्ही घरं वाळीत टाकतात.

"थोडक्यात बोला," चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा वितालिस म्हणाला. तो मधला माणूस. "पुढच्या वर्षी मतदान आहे, देशातून वेगळं व्हायचं की नाही. त्याआधी मनं थंड करू."

थोडक्यात! अपोलोनियाचे म्हातारे मामा काठी टेकत उठले.

"सगळं झालं ते खाणीपायी. डोंगर खाल्ला आमचा, नदीत गाळ सोडला. इथं जमीन आईकडून लेकीला जाते, म्हणजे जमीन ती आईच. आईच्या अंगावर यंत्रं घातली तर लेकरं गप्प बसतील?"

"खाण निमित्त हो, मामा," समोरचा एक थोटा माणूस म्हणाला. "आम्हाला आमचा झेंडा हवा होता. खाण नसती तरी आम्ही फुटलोच असतो."

"झेंडा!" मागून एक बाई कडाडली. "समुद्रापलीकडं राजधानीत बसलेल्या मोरेस्बीच्या सरकारनं नाकेबंदी केली तेव्हा मीठ नव्हतं, साबण नव्हता. तुमचा झेंडा काय उकळून प्यायचा होता?"

दोन्हीकडचे लोक हसले. मग तीच बाई हळू आवाजात म्हणाली, "पोरांच्या हातात बंदूक आली अन् डोक्यात हवा गेली. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं आणि बिल फाडलं सरकारच्या नावावर." ह्यावर मात्र कुणी हसलं नाही.

अपोलोनिया उठली. "झाली भाषणं? खाण म्हणा, झेंडा म्हणा, सगळं खरं असेल. पण माझ्या हिलरीला खाणीनं नाही मारलं. बोनिफासनं मारलं. का मारलं ते त्यानं सांगावं. नाहीतर तो दगड माझ्या छातीवर ठेवा, खड्ड्यात नको."

बोनिफास तेव्हा एकोणीस वर्षांचा बंदूकवाला होता, आता त्याचे केस पांढरे झाले होते. मांडीवर त्यानं लाकडी पेटी धरली होती.

"लढाई होती, ताई," तो खाली बघत म्हणाला. "त्याला सरकारचा हेर समजलो. चूक झाली. हाडं घे आणि मला माफ कर."

"हेर का समजलात?"

"ताई, पुरे कर ना."

"का समजलात?"

बोनिफासनं वितालिसकडे पाहिलं. मग पेटी उचलून तो खड्ड्याला वळसा घालून आला, तिच्याशेजारी बसला आणि तिला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू बोलू लागला.

"तुझ्यासाठी मी हे इतकी वर्षं गिळलंय. तो पलीकडून येताना आम्ही नदीवर धरला, सरकारी छावणीकडून. म्हणाला, भाचीला हिवताप आलाय, गोळ्या आणायला गेलो होतो, बहिणीनंच पाठवलं. मी सोडणार होतो गं त्याला. पण त्याच सकाळी आम्ही तुझ्या दारात आलो होतो. आठवतं?"

न आठवायला काय झालं! दारात तिघं बंदूकवाले, मांडीवर दोन वर्षांची लेक ज्युलियाना तव्यासारखी तापलेली. 'हिलरी कुठंय?' छावणीकडे जाणाऱ्याला मरण ठरलेलं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती हसून म्हणाली होती, 'वरच्या रानात गेलाय, डुकराच्या मागावर.' भावाला वाचवलं म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होती ती.

"आमच्यातला एक म्हणाला, बहीण एक सांगते, हा दुसरंच सांगतो. म्हणजे काळंबेरं आहे."

"तुम्ही हे हिलरीला बोललात?"

"बोललो. त्यानं गोळ्यांची बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, ती सांगते तेच खरं, मी डुकराच्या मागावर होतो, गोळ्यांचा तिचा काही संबंध नाही." बोनिफासनं पेटीवर हात ठेवला. "जबानी फिरवली आणि हेर ठरला. तुला खोटं पाडलं असतं तर आम्ही बंदुका घेऊन तुझ्या घरी आलो असतो. त्याला ते कळलं होतं."

त्यानं पेटी उघडली. नव्या कापडात हाडं, आणि बाजूला एक तपकिरी बाटली. आत गोळ्यांचा गोळा झालेला. "फेकवली नाही," तो म्हणाला.

अपोलोनियानं बाटली उचलली. म्हणजे हिलरीला सगळं ठाऊक होतं. कशासाठी मारलं, हे पंचवीस वर्षं विचारत होती ती स्वतःच.

"झालं का समाधान?" वितालिसनं विचारलं. "मग आणा सुपारी." चार जणांनी दगडाला हात घातला.

"आई," ज्युलियाना कडेवरच्या बाळासकट पुढं आली. "काय म्हणाला तो? हिलरीमामा कशासाठी मेला?"

दगड काठावर डुगडुगत होता. पडू दे एकदाचा, अपोलोनियाच्या मनात आलं. पडला की सुटले. मग कुणाची विचारायची टाप नाही, आणि सांगायची मला गरज नाही.

तेवढ्यात कोकोच्या बागेतून आवाज आला. ठक, ठक, ठक. आणि थांबला. इतर कुणी मानही वळवली नाही.

"थांबा!" ती ओरडली. "दगड सोडू नका!"

आणि तिनं सांगितलं. बाटली हातात धरून, दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, डुकरापासून नदीपर्यंत सगळं. मामांनी काठीवर हनुवटी टेकली. झेंडावाला थोटा आपल्या पायांकडे बघत राहिला.

"पण मी तर जगले," ज्युलियाना म्हणाली. "त्या गोळ्यांशिवाय."

"चौथ्या दिवशी तुझा ताप आपोआप उतरला."

ज्युलियानानं आईच्या हातातून बाटली काढून घेतली, हाडांशेजारी ठेवली, पेटी काखोटीला मारली आणि मागं न बघता घराकडं चालू लागली. अपोलोनियानं बोनिफासबरोबर सुपारी चघळली, चुना लावून, तोंड लाल होईपर्यंत. मग दोघांनी मिळून दगड लोटला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीच्या शेजारी हिलरीला मातीत दिलं. दुपारी अपोलोनिया कान देऊन बसली. बागेत फक्त पाखरं होती. संध्याकाळ झाली तरी कोयता वाजला नाही, आणि तो पुन्हा वाजणार नाही हे तिला कळलं. एवढं रडू तिला हाडं बघूनही आलं नव्हतं.

ज्युलियानानं तिच्यापुढं रताळ्याचं ताट ठेवलं आणि पाठ करून चुलीत लाकडं सारत बसली.

"अगं, शिव्या तरी दे मला," अपोलोनिया म्हणाली. "काहीतरी बोल. एकदा बोल."

"दगड पुरलाय, आई," ज्युलियाना म्हणाली.