ठणठणीत इंजिनाची बोट

मित्रांनो, ज्या वाळूला मी जन्मभर घाबरले, तिच्यातच आता रुतून बसले आहे. मी एक जुनी प्रवासी बोट. माझ्या कुशीला शिड्या लावून माणसं चढली आहेत आणि माझे दरवाजे बिजागऱ्यांसकट उतरवत आहेत. भोंगा अजून जागेवर आहे, तोवर चार शब्द सांगून घेते.

गोदीत माझा जन्म झाला. पाण्यात उतरले तेव्हा बँड वाजला, लोकांनी टोप्या उडवल्या. मग वर्षानुवर्षं मी बेटांवरच्या माणसांची ने-आण केली. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, नोकरीवर रुजू होणारी पोरं, कोंबड्यांचे खुराडे, सगळ्यांना मी सामावून घेतलं. लाटांनी पोट ढवळलं की लोक मला शिव्या घालत आणि धक्का दिसला की "बोट चांगली आहे हो" म्हणत. माणसाचं असंच असतं, मी मनावर घेतलं नाही.

माझं हक्काचं माणूस एकच, इंजिनाचे मिस्त्री. त्यांना सगळे नाना म्हणत. ते तरुणपणी माझ्यावर चढले आणि माझ्या इंजिनाशीच म्हातारे झाले. त्यांची बायको म्हणायची, "माझी सवत लोखंडाची आहे." सुट्टीवर उतरताना नाना इंजिनावर तेलकट हात ठेवून म्हणत, "येतो गं." 'जातो' कधीच म्हणाले नाहीत. आणि खरंच परत येत.

पुढे बेटांवर विमानं उतरू लागली. माझे प्रवासी आटले. फाटलेल्या खुर्च्या कुणी शिवल्या नाहीत. जेवणघर गळू लागलं तेव्हा खाली बादली आली, नंतर बादलीही गेली. इंजिनघर तेवढं लख्ख राहिलं.

एका सकाळी मालक दोन पाहुणे घेऊन आले. कुणीतरी बोट चालवायला घेतंय, असं नानांना वाटलं. मलाही वाटलं. पाहुण्यांनी ना केबिनी पाहिल्या, ना जेवणघर. थेट खाली येऊन विचारलं, "ही स्वतःच्या इंजिनावर येईल का? ओढून न्यावी लागणार असेल तर आम्हाला नको."

"येईल म्हणजे? धावत येईल!" नाना म्हणाले. "तळहातावरच्या फोडासारखी जपलीय." त्यांनी इंजिन चालू करून दाखवलं. मीही वेडी, जीव तोडून धडधडले.

"झकास! मग ठरलं," पाहुणे म्हणाले.

ते जुन्या बोटी तोडून भंगार विकणारे होते, हे नानांना संध्याकाळी कळलं. त्यांनी पायरीवर बसून जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. "माझ्याच तोंडानं घालवली हिला," एवढंच बोलले. एखादा नट ढिला करतील, म्हणून मी वाट पाहिली. पण बिघडवणं त्या हातांना येतच नव्हतं.

काल भरतीच्या पाण्यावर मला इथे, बोटी तोडायच्या किनाऱ्यावर आणलं. आजवर जमीन जवळ आली की वरून हुकूम यायचा, "हळू." काल कप्तानांनी सांगितलं, "पूर्ण वेग." इंजिनघराला खिडकी नसते. किनारा नानांना दिसत नव्हता, मला दिसत होता. "मागे" असा हुकूम येईल म्हणून मी शेवटपर्यंत कान लावून होते. तो आला नाही. बुडाचा पत्रा खरवडला आणि मी थांबले. वर कुणीतरी ओरडलं, "शाब्बास! कशी सरळ बसली बघा!"

माझी ती शेवटची शाबासकी.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मला जपलं होतं, म्हणून तर मी माझ्या मरणापर्यंत स्वतःच्या पायांनी आले. तुम्ही एवढंच करा. जुनी वस्तू घराबाहेर काढाल, तेव्हा तिला ज्यानं जपलं त्याला आधी खरं काय ते सांगा. माझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली.

काल नानांनी इंजिन बंद केलं, सवयीनं फडकं घेऊन तेल पुसलं आणि शिडीपर्यंत गेले. मग परत आले. नेहमीसारखा इंजिनावर तेलकट हात ठेवला.

"जातो गं," ते म्हणाले.