पाण्याच्या पट्ट्या

"बाय, काय बी पेटवा, पन या जुड्यांना चूल दावू नका."

कोपरीच्या मिठाच्या चौकीत आम्ही बिऱ्हाड मांडलं, त्याच दिवशी धाकूबाबाने मला बजावलं होतं. चौकीच्या कोरड्या माळ्यावर त्याच्या लाकडी पट्ट्यांच्या जुड्या रचल्या होत्या, हातभर लांब, काथ्याने बांधलेल्या. माझ्या कडेवर नंदा, दारात सामान, चुलीवर दूध. मी "बरं बरं" म्हटलं आणि दूध उतरवायला वळले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं शिकून आलेली मी. कुणाच्या माळ्यावर देव असतो, कुणाच्या माळ्यावर भूत. मान डोलवायची आणि विसरायचं.

हे मिठाच्या खात्यात कारकून होते. धाकूबाबा उघाडी राखायचा. खाडीच्या बांधात लाकडी दार असतं, भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं, तीच उघाडी. त्याचा बाप हेच करत आला, आजाही. दारापाशी सागाचा खुंट होता आणि त्यावर आजाने कोरलेली खूण. दिवसाची भरती पुरी चढली की धाकूबाबा चिखलात उतरायचा, पाणी खुणेच्या किती बोटं वर की खाली ते मोजायचा आणि कमरेला खोचलेल्या लाकडी पट्टीवर कोयत्याच्या टोकाने तितके टोचे मारायचा. वर गेलं तर मधल्या रेघेच्या उजवीकडे, खाली राहिलं तर डावीकडे. एका पंधरवड्याची एक पट्टी, एका वर्षाची एक जुडी. हे सगळं मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी फक्त नंदाचे श्वास मोजत असे. तिची छाती पावसाळ्यात वाजायची.

शके अठराशे पाचचा श्रावण. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी धाकूबाबा कमरेपर्यंत भिजून दारात उभा राहिला. हातात पट्टी.

"बाय, ह्यं बगा. आज भांगाचं पानी. अष्टमीच्या वक्ताला पानी निजल्यावानी रातं. पन आज येतंय, पलतंय, परत येतंय. दुपारपासून आट येला मोजलं. मासं चिखलात उघडं पडलंय."

नंदा मांडीवर होती. तिच्या बरगड्यांवर माझा तळवा होता.

"वारा असेल, धाकूबाबा."

"वारा नाय. पान हालत नाय."

मी मान वळवली नाही. तो शिडी चढून माळ्यावर गेला आणि पंधरवडा संपल्यावर ही पट्टी ठेवायला जागा करून परतला. अमावास्येनंतर ती त्या वर्षाच्या जुडीत, सगळ्यात वर बांधली गेली.

भाद्रपदात चार दिवस झड लागली. नंदाचा श्वास एवढा ओढला जाऊ लागला की गळ्याखाली खड्डा पडे. ओव्याचा शेक द्यायचा तर निखारे हवेत, आणि सगळं सरपण ओलं. हे ठाण्याच्या कचेरीत गेलेले. मी माळ्यावर चढले आणि हाताला आली ती वरची जुडी खाली घेतली. पट्ट्या कोरड्याठाक होत्या. धूरसुद्धा झाला नाही. दुपार टळेपर्यंत नंदा शांत झोपली आणि मी त्या राखेला मनातल्या मनात नमस्कार केला.

पुढची पट्टी ठेवायला धाकूबाबा आला. त्याने माळ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं.

"पोर कशी हाय?" त्याने विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं आणि नंदाचं पांघरूण सारखं केलं.

कार्तिकात एके सकाळी हे वर्तमानपत्र वाचत होते. "अगं, ऐक. पूर्वेच्या समुद्रात जावा बेटापाशी आगीचा डोंगर फुटला, तो श्रावणात. त्याची लाट म्हणे अर्ध्या जगाच्या किनाऱ्यांना लागली. त्या दिवसाची पाण्याची नोंद कुणी ठेवली असेल तर मुंबईस कळवावी, म्हणतात." मग हसले. "कोण ठेवणार?"

हजार कोसांवर डोंगर फुटतो, त्याचा धक्का दोन समुद्र ओलांडून आमच्या उघाडीशी येतो, आणि एक माणूस चिखलात उभा राहून बोटांनी तो मोजतो. तो मोजलेला धक्का मी चुलीत घातला होता.

नंदाला घेऊन मी तशीच बांधावर गेले. धाकूबाबा दाराला डांबर लावत होता. त्याची बायको बायजा बाजूला सुकट पाखडत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"ठाव हाय मना," तो म्हणाला. "जुडीचा काथ्या चुलीपाशी पडला व्हता."

"मग बोलला नाहीस?"

"पोर वाचली ना? मंग."

"तुला आठवतंय ना सगळं? पुन्हा कोर. मी मुंबईला पाठवते."

त्याने डांबराचा कुंचला खाली ठेवला. "आटवतं. पन आटवलेलं आनि मोजलेलं येक नाय, बाय. ती पट्टी मी आज घरात बसून कोरली, त समद्याच पट्ट्या खोट्या. कोन वलखील, कंची पान्यानं कोरली न कंची धाकूनं?"

"बावीस वरसं मी ईचारतंय, जेवतंस का," बायजा सूप झटकत म्हणाली, "त म्हनतं, भरती होऊ दे. आता कुनी येकदा त्याची पट्टी ईचारली, त ती नेमकी जल्लेली." ती हसली, आणि मलाही रडता रडता हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. उरलेल्या एकवीस जुड्या आम्ही बांधावर नेल्या आणि एकापुढे एक पट्ट्या मांडत गेलो. पाचशेच्या वर. उघाडीपासून पार खाडीकाठच्या चिपीच्या झाडांपर्यंत. मग मी मागे सरून पाहिलं.

टोचे उजवीकडे झुकत होते, डावीकडे झुकत होते, पुन्हा उजवीकडे. अमावास्येला पोट फुगायचं, अष्टमीला आत जायचं, पौर्णिमेला फुगायचं. बावीस वर्षं, एकसारखं. काही महिन्यांत मोठे श्वास, काहींत लहान. माझा तळवा नकळत नंदाच्या पाठीवर गेला. एवढी मोठी छाती कुणी एकट्याने मोजत बसलं होतं, आणि ती एकदाही चुकली नव्हती.

शेवटी धाकूबाबाने दहा पट्ट्या मावतील एवढी जागा पावलांनी मोजून रिकामी सोडली, चैत्र ते श्रावण. तिथे नुसती माती. त्यापुढे भाद्रपदापासूनच्या पट्ट्या ठेवल्या.

पौषापर्यंत मी सगळं वह्यांत उतरवलं, तीनदा. एक वही घरी, एक चौकीत, एक मुंबईला. त्या दहा पंधरवड्यांचं पान कोरं ठेवलं आणि खाली लिहिलं: ही नोंद होती. ती माझ्या हातून जळाली.

मुंबईच्या साहेबांचं उत्तर आलं. पुढच्या नोंदीही पाठवाव्यात, आणि सगळ्या वह्या एकाच घरात ठेवू नयेत, असं लिहिलं होतं. सोबत एक कागद होता. त्यांच्या बंदरावर पाणी मोजायचं यंत्र आहे. त्या यंत्राने त्या दिवशी काढलेली रेघ. मी कागद धाकूबाबापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने हात धोतराला पुसले आणि रेघेवरून बोट फिरवलं. दुपारच्या जागी रेघ थरथरत होती, वर, खाली, वर. त्याचे ओठ हलत होते.

"आट," तो म्हणाला.



"आता तरी कोरशील?" मी विचारलं.

"कशाला? त्यानं त्याचं मोजलंय. माजी जागा रिकामीच बरी."

दोन वर्षांनी यांची बदली कल्याणला झाली. तेव्हापासून दर पंधरवड्याला बायजा सुकटीची पाटी घेऊन इथल्या बाजारात येते आणि पाटीच्या तळाशी पट्टी आणते. मी ती माझ्या वहीत आणि मुंबईला, चौकीला धाडायच्या दोन कागदांवर उतरवते आणि परत देते. मागचे दोन पंधरवडे ती आलेली नाही. धाकूबाबाला पावसाळ्याआधीच खोकला होता. माझ्या मांडीवर दुसरं बाळ आहे, महिन्याचं, आणि त्याचीही छाती वाजते आहे. मला निघता येत नाही. हे म्हणतात, येईल ग, एवढी काय काळजी करतेस.

तुमच्यापैकी कुणाचं ठाण्याला जाणं होत असेल, तर कोपरीच्या बांधावर एवढं जाऊन या. धाकूबाबा दिसला तर नुसती पट्टी मागा, त्याला बरं वाटेल. दिसला नाही, तर दिवसाची भरती पुरी चढेपर्यंत थांबा. खुंटावर आजाची खूण आहे. पाणी तिच्या किती बोटं वर की खाली, तेवढं मोजून तिथीसह मला कळवा. अंदाजाने लिहू नका.