कंडक्टरचा कोट

तोंडातली टाचणी काढून तिनं पोटाखालच्या पट्ट्याला लावली आणि कटिंगच्या टेबलावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला म्हणाली, "श्वास सोड आता. फोटो नाही काढत मी."

कुत्र्यानं श्वास सोडला. पट्टा अर्धा इंच सैल पडला, तशी तिनं टाचणीही अर्धा इंच सरकवली.

"बघा, तुमच्याकडे किती शहाण्यासारखा उभा राहतो," दाराजवळच्या स्टुलावरून ड्रायव्हरकाका म्हणाले. "घरी अंगाला कोट लावू देत नाही. माशासारखा निसटतो."

काकांनी तेहतीस वर्षं बस चालवली होती. घरी येऊन बसल्यावर हे कुत्रं पाळलं आणि त्याचं नाव ठेवलं कंडक्टर. सतत मागे असतो आणि कुठे थांबायचं ते तोच ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. आता कंडक्टरही थकला होता. पाठीवरचे केस विरळ झाले होते, मागचे पाय सकाळी लवकर सुटत नसत. डॉक्टरांनी त्याला थंडीत उघडा फिरवू नका म्हणून सांगितलं होतं. काकांच्या मुलीनं लगेच कोट आणून दिला होता. कोट चांगला होता, जाड, आतून मऊ, पोटाखाली प्लास्टिकचं बक्कल. पण महिन्याभरानं ती आली तेव्हा कोट घडीवर तसाच, आणि कंडक्टर उघड्या अंगानं कुडकुडत.

"रविवारी पुन्हा येतेय," काका म्हणाले. "म्हणते, बाबा, तुमच्याच्यानं होत नसेल तर मी घेऊन जाते त्याला. माझ्याकडे अंगण आहे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फिटिंग नीट नाही. बाईंकडे दिलाय."

म्हणून सोमवारपासून रोज सकाळी दुकान उघडलं की काका हजर. सोमवारी तिनं गळा मोठा केला. मंगळवारी खांदा उसवला. बुधवारी पाठीची लांबी कमी केली. आज गुरुवार, आज पट्टा. दर वेळी कोट तिच्या हातून कंडक्टरच्या अंगावर गुमान चढे, तो घालूनच दोघं फिरायला जात, आणि दुसऱ्या दिवशी काका कोट काखेत धरून पुन्हा येत, पोटाखालचं बक्कल न सोडताच ओढून काढलेला. घरी काही जमलं नाही म्हणत.

तिला शिवण कुणी शिकवलेली नव्हती. दुसऱ्यांचे कपडे उसवून उसवून ती शिकली होती. नवं काही शिवायची नाही, पाटीवरच 'कपडे दुरुस्ती' लिहिलेलं. आणि दुरुस्तीवाल्या बाईला एक खोड असते. कुणी तक्रार केली की ती आधी शिवण तपासते, माणूस नंतर.

"नाचता येईना अंगण वाकडं," कोपऱ्यात हातशिलाई करत बसलेली तिची नणंद पुटपुटली. "त्या कुत्र्याला कोट नकोच असेल, वहिनी. तुम्ही आपल्या रोज उसवताय."

"नको असता तर इथे अंगावर घेतला असता का?"

"तुमचा धाक. आमचा दादाही घ्यायचा नाही का स्वेटर, तुम्ही हात उगारलात की?"

काका मोठ्यांदा हसले. तीही हसली. कंडक्टरला टेबलावरून उतरवताना तिनं सवयीनं त्याच्या पोटाखाली हात घातला.

"हा कोट घालायचा कधी, ते कसं ठरवता तुम्ही?" तिनं काकांना विचारलं.

"खिडकीच्या काचेवर वाफ धरली की घालायचा."

"काच तुमच्या घराची, अंग त्याचं! कानाला हात लावून बघाल तर फसाल, कान नेहमीच गार. इथे बघायचं, मांडीच्या आतल्या बाजूला. तिथे गार लागलं की घालायचा. पाठ वाकवून चालायला लागला, तरी घालायचा. आणि पावसात भिजला की आधी काढायचा, भिजका कोट नुसतं ओझं. धापा टाकायला लागला तरी काढायचा."

"एवढं तर आमच्या गाडीच्या ब्रेकलाही बघावं लागत नव्हतं," काका म्हणाले आणि उठले.

दार उघडताच वारा आत आला. काकांच्या जाकिटाच्या दोन्ही बाजू उडाल्या. त्यांनी त्या कोपरानं दाबून धरल्या.

"काका, बटणं लावा की. बाहेर किती वारा आहे."

"मला गरम होतं, बाई. तेहतीस वर्षं इंजिन शेजारी होतं. ती ऊब अंगातून गेली नाही अजून."

दोघं निघून गेले. ती काचेतून बघत राहिली. जाकिटाच्या बाह्या कडेला विरल्या होत्या, खिशाची तोंडं लोंबत होती. मात्र काजं कोरी करकरीत होती, एकाचाही दोरा हललेला नव्हता. पायात बिनलेसचे बूट. आणि कंडक्टरची दोरी काकांच्या मुठीत नव्हती, मनगटाला अडकवलेली होती.

तिनं टेबलाच्या खणातून तसलंच एक बक्कल काढलं. बोटांत जोर असल्याशिवाय ते लागत नव्हतं, आणि अंगठा आणि बोट, दोन्हीकडून एकदम दाबल्याशिवाय सुटत नव्हतं. तिनं ते लावलं, सोडलं. पुन्हा लावलं, सोडलं.

"काय झालं?" नणंदेनं विचारलं.

"काही नाही. चार दिवस मी कुत्र्याची मापं घेत बसले."

शुक्रवारी काका आले तेव्हा ती म्हणाली, "आज कोट ठेवून जा. पोटाखाली बक्कल टोचतं त्याला. ते माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

"टोचतं, नाही का?" काका घाईनं म्हणाले. "मला वाटलंच."

दुपारी ती बाजारात जाऊन आली. आल्यावर बक्कल कापून काढलं. वेल्क्रो लावून बघितला, पण तो ओढल्यावर येणारा फर्रर्र आवाज ऐकून तिचं तिलाच दचकायला झालं. कंडक्टर तर पळूनच गेला असता. मग तिनं बोराएवढं लाकडी बटण कोटाच्या कुशीवर घट्ट बसवलं, आणि पट्ट्याच्या टोकाला रुंद इलॅस्टिकचा फासा केला. मनगट जाईल एवढा. मग नणंदेचे लोकरी हातमोजे घेतले आणि हातात चढवले. त्यावर स्वतःचे.

"थंडी वाजतेय का, वहिनी?"

"हं."

दोन-दोन मोजे घातलेल्या हातांनी तिनं पट्टा ओढला. फासा निसटला. पुन्हा ओढला, पुन्हा निसटला. तिनं बटण दोन बोटं पुढे घेतलं. आता बोटांचं काम उरलं नाही. मनगटानं ओढायचं आणि सोडायचं. फासा आपोआप बटणावर बसला.

नणंद सुई थांबवून बघत होती. दोन-दोन मोज्यांकडे तिनं बघितलं, मग दाराजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे.

"काका ताकाला जाऊन भांडं लपवत होते होय," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळानं तिनं बटणांचं कार्ड उचललं. "पण एक बटण लावायचं, तर सहाचं कार्ड कशाला आणलंत?"

"सुटं मिळत नव्हतं."

शनिवारी काकांनी कोट स्वतः चढवला. तिनं मुद्दाम मशीनवर मान खाली घालून दोरा ओवायला घेतला. एकदा खुडबुड ऐकू आली. दुसऱ्यांदा ऐकू आली. मग काहीच ऐकू आलं नाही. तिनं वर बघितलं तर कोट अंगात घालून कंडक्टर दाराकडे तोंड करून उभा होता, आणि काका आपल्याच हाताकडे बघत होते.

"चला," ते म्हणाले. "डबल बेल."

सोमवारी ती नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी आली. दुकान झाडलं. स्टूल पुसलं. नऊ वाजले, दहा वाजले. एक पँट आली, एक पिशवीची चेन आली.

"झालं तुमचं काम. आता कशाला येतायत?" नणंद म्हणाली.

"चांगलंच की."

"चांगलंच आहे. मग चौथ्यांदा दाराकडे का बघताय?"

"उजेड येतोय का बघते."

मुलीनं नेलं असेल का त्याला? ती पँटची खालची शिवण घालत राहिली आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड करून बसली. पुन्हा उसवावी लागली.

अकराच्या सुमारास दार ढकलून आधी कंडक्टर आत आला, उघड्या अंगानं. मागून काका, कोट काखेत.

तिचा हात शिलाईवरच थांबला. "आली होती?"

"आली होती. याची वाटी, पांघरूण भरायला मोठी पिशवी घेऊनच आली होती." काका स्टुलावर बसले. "म्हटलं, थांब, आधी फिरवून आणतो. तिच्यासमोर कोट घातला. एका दमात."

"काय म्हणाली?"

"पिशवी घडी करून परत घेऊन गेली."

नणंदेनं नाक ओढलं आणि डोळ्यांत दोरा गेल्याचं सांगितलं.

"मग आज कोट काखेत का?"

"कसा घालायचा ते आलं. कधी, तेच कळत नाही. ऊनही आहे, वाराही आहे. म्हटलं विचारावं."

तिनं खाली वाकून कंडक्टरच्या मांडीच्या आत हात लावला. छान उबदार होतं. "याला नको आज."

"बरं," काका म्हणाले. पण उठले नाहीत. त्यांनी दोरी मनगटातून काढून स्टुलाच्या पायाला अडकवली. मग एकेक बाही ओढत आपलं जाकीट उतरवलं आणि टेबलावर ठेवलं.

"याला तसलं काही करता येईल का?"

"तुम्हाला तर गरम होतं," ती म्हणाली. "इंजिन शेजारी होतं ना?"

"इंजिन बंद होऊन बारा वर्षं झाली, बाई."

तिनं खण उघडला आणि बटणांचं कार्ड टेबलावर ठेवलं. कार्डावर पाच बटणं उरली होती. नणंदेची नजर जाकिटाच्या काजांवरून वरून खालपर्यंत फिरली. पाच काजं होती. उठून तिनं दार लावून घेतलं, म्हणजे वारा आत येणार नाही.