अक्कलदाढ काढल्यावर

कविता शाळेत शिकवायची आणि शहरातल्या बुधवारा भागात भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. चाळिशीत तिची अक्कलदाढ काढावी लागली. "सोबत कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "भाऊ खाली गाडी लावतोय," असं ती खोटंच बोलली आणि दाढेच्या जागी कापूस धरून रिक्षाने घरी आली.

संध्याकाळी गावाहून, दापोऱ्याहून भावाचा, विपुलचा फोन आला. केळीची कटाई, मजूर, पोरीची परीक्षा, तो बोलतच राहिला. तोंडात कापूस असल्यामुळे तिला फक्त "हं, हं" करता येत होतं. "चल ताई, ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला काहीच वेगळं जाणवलं नव्हतं.

दोन दिवस तिने गार दूधभात खाल्ला, सुजलेल्या गालावर बर्फ धरला. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन लावला.

"माझी दाढ काढली रे."

"कधी?"

"सोमवारी. तुझा फोन आला त्याच दिवशी."

"सांगायचं ना ताई! उद्या येऊ का?"

"नको, आता बरं आहे," ती सवयीने म्हणून गेली.

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, 'ये' म्हणायला हवं होतं. पण पुन्हा फोन लावायचा धीर झाला नाही.