देवी उतरवायचा मंगळवार

सिद्धलिंगच्या छातीवर पुरळ उठलं, तसा पार्वतम्मांनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला. लेकाच्या अंगात ताप, मानेला गाठी, घसा असा धरलेला की पाणी उतरेना. "देवीआई आलीया घरात," म्हातारीनं सांगून टाकलं. झालं! शिवकीर्तनात मृदंग वाजवणारा हा गुणी माणूस. त्याची थाप पडली की सारं औसा गाव डोलायचं. गल्लीतल्या बाया त्याच्या पायांवर पाणी घालून जाऊ लागल्या. बायको शिवानी तर सकाळ-संध्याकाळ पायावर डोकं ठेवी. सिद्धलिंग भिंतीकडं तोंड करून पडून राही. अठरा दिवसांमागं हैदराबादेत लग्नाला गेला असताना तो लॉजवर कुणाच्या खोलीत शिरला होता, हे तिला काय ठाऊक?

सहाव्या दिवशी ताप गेला, पुरळही मावळलं. "मंगळवारी न्हाऊ घालू, दहीभात दाखवू, देवी उतरवू," आई म्हणाली. देवी घरात असेतो नवराबायकोनं वेगळं निजायचं. मंगळवारी शिवानीचं अंथरूण परत खोलीत येणार होतं. त्याआधी त्याला एक गोष्ट तपासून घ्यायची होती.

सोमवारी त्यानं मृदंग खांद्याला अडकवला. "थाप नीट बसत नाही. नांदेडहून शाई भरून आणतो."

"आई अंगावर असताना वेस ओलांडतूस?" पार्वतम्मा ओरडल्या. तो थांबला नाही. लातूर जवळ होतं. पण तिथं कीर्तनातलं कुणीतरी भेटलंच असतं.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणीच्या खोलीत लुंबिनीताई बसायच्या. आलेल्याचं ऐकून घेणं, समजावून सांगणं हे त्यांचं काम.

"दादा, मृदंग आणलाय. भजन लावायचं का?"

तो हसला नाही. खाली मान घालून सगळं बोलला.

"आलात हे बरं केलं. तसा संबंध आल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप, पुरळ, घसा, गाठी होऊ शकतात. दुसऱ्या कशानंबी होतात. रक्त तपासल्याबगर कळत न्हाई. आन् ताप गेला म्हंजी ते गेलं, असंबी न्हाई."

तासाभरानं कागद आला. निगेटिव्ह. सिद्धलिंगनं हात जोडले. "सुटलो, ताई!"

"अजून न्हाई. लई लवकर आलात. रक्तात दिसायला वेळ लागतो. महिन्यानं या, तीन महिने भरल्यावर परत या. तोवर निरोधाबगर बायकोजवळ जायचं न्हाई. निघालंच तर गोळ्या फुकट मिळतात, माणूस चांगला जगतो."

"तिला कसं सांगू?"

"मला सांगताना मेलात का?"

मंगळवारी लिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली. शिवानीनं अंथरूण खोलीत आणून टाकलं, दहीभाताचं ताट ठेवलं आणि वाकली. त्यानं पाय ओढून घेतले.

"पाया पडू नको. देवी नव्हती ती."

मग हैदराबाद, लॉज, नांदेडचा कागद, सगळं सांगितलं. तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस काही झालं नाही. तिनं भाताचं ताट बाजूला सारलं. उठली, अंथरूण गुंडाळलं.

"महिन्यानं जाताल, तवा मला घेऊन जायचं."

अंथरूण घेऊन ती बाहेर गेली, तसा पार्वतम्मांचा आवाज आला, "अगं, अंथरूण माघारी का आणलंस?"

"देवी अजून उतरली न्हाई, आत्याबाई," शिवानी म्हणाली.

आत सिद्धलिंगला तोंड लपवायला पदर नव्हता, म्हणून त्यानं ते दोन्ही हातांनी झाकलं.