मोहाखालची हजेरी

१९५७ सालचा चैत्र. मी तिसरीत होते. कुरखेड्यापलीकडे रानाला लागून आमचं गाव, शाळेला एकच मास्तर. १९५२ साली ती उघडली तेव्हा गुणवंतराव गुरुजींचा सगळा पगार सरकार देई. तीन वर्षांनी निम्मा गावावर आला. घरोघरचं धान जमू लागलं. मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि नवा हुकूम आला: तपासणीला वीस मुलं हजर नसली तर अनुदान बंद. शाळा मोडली की बाबा माझं लग्न लावणार होते.

शाळा तपासणारे डिप्टीसाहेब नेमके मोहाची फुलं पडायच्या दिवसांत आले. पहाटेपासून दुपारपर्यंत एकेक पोर घरच्या झाडाखाली फुलं वेचत बसे, नाहीतर ती गुरं खात. गुरुजी हजेरीपट घेऊन झाडोझाड फिरत, तिथंच शिकवत. शाळेत होतो ते झाडं नसलेल्या घरचे आम्ही चौघं.

"मास्तर कुठे आहेत?"

"रानात जी. हजेरी घेऊन राह्यले."

साहेबांना ते खरं वाटेना, म्हणून मीच त्यांना रानात नेलं. वाटेत माझ्या मैत्रिणीचा, बुधरीचा, बाप पत्रू टोपली घेऊन भेटला. म्हणाला, "मोह शाळेत पडला असता त पोट्टे शाळेतच बसले असते जी!"

तोही मागोमाग आला. झाडांखाली गुरुजींसमोर साहेबांनी एकोणीस मुलं मोजली. बुधरीनं फुलं वेचता वेचताच तेराचा पाढा म्हटला.

"मुलं आहेत, गुरुजी," साहेब म्हणाले, "पण छपराखाली चारच."

"त छप्पर इथी आणतो नं आमी," पत्रू म्हणाला. साहेब हसले. लिहिली मात्र चारच.

जूनपासून अनुदान थांबलं. गावानं बैठक घेऊन गुरुजींना वर्षभर ठेवून घेतलं, सगळा पगार धानात. पत्रूनं वर वाळल्या मोहाची पोती दिली. बाबांनाही धान द्यावं लागलं. आईनं लग्नाचं विचारलं तर चिडून म्हणाले, "धान देऊन राह्यलो नं? परीक्षा होऊ दे आधी!"

मी चौथी पास झाले. शाळा बंद पडली. गुरुजी आपल्या गावी, सावलीला, परतले, शेती करू लागले. सरकारी नोकरी पुन्हा मिळाली नाही. बुधरी चौथीनंतर थांबली. तिचे दोन नातू शिकून नोकरीला लागले. १९६३ ला गावात पुन्हा शाळा आली, पत्रूनं दिलेल्या जागेवर. ती उघडायच्या आधीच तो गेला. साहेबांचं पुढे काय झालं, कळलं नाही. मी पुढे शिकून कुरखेड्याकडे एकतीस वर्षं मास्तरीण होते. चैत्रात माझी शाळा दुपारी भरे.