गुड्डी, टीव्ही धर

वरठीत रुळाच्या कडेला ज्याचं घर, त्याला भूकंपाचं काय कौतुक? त्याची भुई रोजच हालते. कोळशाच्या मालगाड्या दिवसभर धडधडत जातात, फळीवरचे पेले एकमेकांशी भांडतात, देवांच्या तसबिरी माना डोलावतात. माणसं बोलता बोलता तेवढ्यापुरती थांबतात आणि गाडी गेली की तुटलेलं वाक्य पुढे चालू करतात. पाहुणा असेल तर घाबरतो, आणि घरचे त्याला हसतात.

रितालाही असेच हसले होते. ती अड्याळची. तिकडे रेल्वेचा रूळ नाही, त्यामुळे सासरी आली त्या दुपारी भांडी खडखडली तशी ती "भूकंप, भूकंप" म्हणत नव्या शालूसकट अंगणात धावली. अंगणात पंगत बसली होती. वाढणाऱ्याच्या हातातली बादली हसण्यापायी कलंडली. पुढे कितीतरी दिवस गल्लीत तिचं नाव रिता नव्हतं, 'भूकंपवाली' होतं. सासू देवकाबाई तर आजही नव्या माणसाला ही गोष्ट चहाच्या आधी सांगते. रिता त्यातून एक शिकली. भुई कितीही हालो, तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

आणि मग घरात टीव्ही आला. रिताचा नवरा प्रितम स्टीलच्या कारखान्यात कामाला. त्यानं दिवाळीला हौसेनं आणला, चांगला हातभर रुंदीचा नाही, दोन हात रुंदीचा. पण पुढची खोली कवेलूच्या छपराची, भिंत मातीच्या जोडाईची. खिळा ठोकला की ओंजळभर माती खाली आणि खिळा हातात. म्हणून रिताच्या माहेरची लोखंडी पेटी, पेटीवर टीपॉय आणि टीपॉयवर टीव्ही, अशी उतरंड रचली. खाली ठेवावा तर तीन वर्षांचा धाकटा अमर पडद्यावर खेळण्यातली मोटार चालवतो. मालगाडी आली की टीव्ही पुढे झुकायचा, आता पडतो की मग पडतो. "उद्या ड्रिलवाला आनतो," प्रितम म्हणाला. त्या उद्यानं दुसरी दिवाळीही खाल्ली.

तोवरची सोय म्हणजे गुड्डी. गुड्डी सात वर्षांची, रिताची थोरली. टीव्ही तिच्या मागून घरात आला, पण कानामागून आला आणि तिखट झाला. लांबवर इंजिनाचा भोंगा वाजला की घरातल्या ज्या कोपऱ्यात जो असेल तो तिथूनच म्हणायचा, "गुड्डी, टीव्ही धर." मग पोर अभ्यास टाकून, ताटावरून उठून, टीव्हीला मिठी मारून उभी राहायची. शेवटचा डबा गेला की हात सोडायची आणि पुन्हा येऊन जेवायला बसायची. हे आधी कोण म्हणालं ते कुणाला आठवत नाही. सगळेच म्हणत. अमर धड बोलायला शिकला नव्हता, तोही म्हणायचा, "गुड्डी, तीवी धल." आणि सगळ्यांना त्याचं कोण कौतुक. खिळ्याचं काम पोरगी करत होती, आणि खिळ्याला कोणी विचारतं का, की बाबा, तुझं जेवण झालं का?

त्या दिवशी सकाळी हिवाळ्याचं कोवळं ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. प्रितम पहिल्या पाळीला गेलेला. गुड्डी शाळेचा ड्रेस घालून टीव्हीसमोर चहात टोस्ट बुडवत बसली होती. तिच्या शेजारच्या दिवाणावर अमर गाढ झोपला होता. देवकाबाई तिथेच खाटेवर बसून पान लावत होती. रिता आत पोळ्या करत होती.

पेले खडखडले. रितानं पोळी उलटली आणि न बघताच हाक दिली, "गुड्डी, टीव्ही धर."

पुढच्या खोलीत बशी टेकवल्याचा आवाज आला. पोर उठली होती. रिताचं लक्ष पुन्हा तव्याकडे गेलं. मग तिला जाणवलं की भोंगा वाजलाच नाही. चाकांची धडधडही नाही. नुसतंच हालतंय, आणि खालून हालतंय. डब्यांच्या फळीवरून तिखटाचा डबा घरंगळत आला आणि तिच्या पायाशी फुटला. डोक्यावर कवेलू दातावर दात वाजावेत तशी वाजू लागली. रिताला कळलं. पण तो शब्द ओठापर्यंत आला आणि तिथेच थबकला. जो शब्द म्हटल्यामुळे एवढं हसं झालं, तो खरी वेळ आल्यावरही बाहेर पडेना. तेवढ्यात शेजारची कलाबाई गल्लीतून ओरडली, "भुई हालून राहिली वं. बाहीर निंगा सारे."

रितानं आधी गॅस बंद केला. ते बरोबर सुचलं. मग ती पुढच्या खोलीत धावली, दिवाणावरून अमरला उचललं आणि थंडी आहे म्हणून त्याच्याभोवती चादरही गुंडाळली. तेही सुचलं. मग जीव मुठीत धरून ती दारातून बाहेर पडली. देवकाबाई आधीच बाहेर होती. एरवी तिला खाटेवरून उठवायला दोघं लागतात. आज सगळ्यांच्या पुढे, आणि पानाची चंची काखोटीला.

गल्ली माणसांनी भरली होती. कोणी दात घासता घासता आलेला, कोणी टॉवेलावर. सगळे वर विजेच्या तारांकडे बघत होते. हळूहळू तारा थांबल्या. कुणीतरी हसलं. कुणाच्या मोबाइलवर लगेच आलंही, की तिकडे तेलंगणाच्या बाजूला कुठंतरी मोठा धक्का बसला, इथे आली ती त्याची शेपटी. म्हातारे शेषानं फणा बदलल्याचं सांगू लागले. रितानं अमरचे गार पाय चादरीत खुपसले आणि त्याच्या टाळूवर ओठ टेकले.

"गुड्डी कुठी हाये वं?" कलाबाईनं विचारलं.

आपल्याला आठवण करून द्यावी लागली, हे रिताच्या मनात नंतर आलं. आधी तिला दिसली गुड्डीची पाठ. अमरला उचलताना ती पाठ तिच्या हातभर अंतरावर होती. निळा ड्रेस, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिला ती दिसली होती. दिसूनही तिच्यावरून नजर पुढे गेली होती, जशी पेटीवरून गेली, टीपॉयवरून गेली.

तिनं अमरला कलाबाईच्या हाती दिलं आणि आत धावली. गुड्डी तिथेच होती. टीव्हीला दोन्ही हातांनी मिठी, गाल काचेला चिकटलेला, डोळे गच्च मिटलेले. केसांत भिंतीची माती. मघाशी जिथे ती चहा पीत बसली होती, तिथे छपराचं एक कवेलू पडून त्याचे तुकडे झाले होते. बशीचेही. टीव्हीवर कार्टूनमधलं मांजर उंदरामागे धावत होतं.

"मम्मी," डोळे न उघडता गुड्डी म्हणाली, "आजची गाडी लय मोठी हाये. सरूनच नाही राहिली."

रितानं तिला ओढत बाहेर आणलं आणि गल्लीच्या मधोमध तिच्या थोबाडीत मारली. का मारली ते तिलाही सांगता आलं नसतं. "सारे बाहीर धावले, तुले दिसले नाही? काहून उभी राहिली आतमधी?"

गुड्डी रडली नाही. तिला प्रश्नच कळला नव्हता. "तूनंच त म्हटलं, टीव्ही धर म्हणून."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं आपण दुसऱ्याला म्हणतो. रितानं सासूवर राग काढून पाहिला. "आई, ते तुमच्या बाजूलेच होती. हात धरून आनाची होती ना तिले."

"मले का मालूम, बाप्पा," देवकाबाई म्हणाली. "तूनं तिले टीव्ही धराले सांगतलं. मले वाटलं, धरून राहिली असंल." आणि तिचंही खरंच होतं.

प्रितमचा फोन आला. "घर ठीक हाये ना? अमर?"

"ठीक हाये."

"अन् टीव्ही?"

अजून एक नाव राहिलं होतं, ते येईल म्हणून रितानं वाट पाहिली. नवऱ्याला दोष द्यायचा तिला हक्कच नव्हता, हे तिला वाट पाहतानाही कळत होतं. शेवटी म्हणाली, "टीव्ही गुड्डीनं धरला होता."

"वा रे माही वाघीण," प्रितम मोकळा हसला. "संध्याकाळी चॉकलेट आनतो म्हणा तिले."

दिवसभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. देवकाबाईला सुनेच्या शालूची जुनी गोष्ट टाकून देता आली, कारण नवी मिळाली होती. "सारे जीव घेऊन धावले, पन माही नात हालली नाही. अशी मिठी मारून उभी, घर पडलं असतं तरी टीव्ही नसता सोडला." आणि ऐकणारा गुड्डीच्या डोक्यावरून हात फिरवायचा. पोरीला एवढ्या लोकांनी एका दिवसात कधी नावानं हाक मारली नव्हती. ती फुलली. सकाळची थप्पड विसरली. कुणी आलं की स्वतःच टीव्हीजवळ जाऊन उभी राहायची आणि हात कसे धरले होते ते दाखवायची. रिताला ते बघवत नव्हतं. पोर रुसली असती, रडली असती, आईकडे फिरकली नसती, तर रितानं तिची समजूत तरी काढली असती. आनंदात असलेल्या पोरीची कसली समजूत काढायची?

संध्याकाळी प्रितम आला, चॉकलेट दिलं, टीव्हीच्या मागून पुढून हात फिरवून पाहिला. रिता म्हणाली, "हा टीव्ही आत्ताच्या आत्ता खाली ठेवा. नाहीतर इकून टाका."

"कायले? उद्या ड्रिलवालाच आनतो ना."

"मंग पडू द्या."

प्रितमनं तिच्याकडे असं पाहिलं, की भूकंपानं हिच्या डोक्यालाही तडा गेला की काय.

रितानं गुड्डीला जवळ ओढलं, तिचा चॉकलेटनं माखलेला हात हातात घेतला. "आयक. आता टीव्ही नाही धराचा. पडला त पडला. भुई हालली का सरळ बाहीर धावजो. समजलं?"

गुड्डीनं मान डोलावली. पण डोलावताना तिनं बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. आईचं एकटीचं ऐकायचं की सगळ्यांचं, एवढा हिशेब सात वर्षांच्या पोरीलाही येतो.

देवकाबाईची मालिका सुरू झाली होती. सगळे पुढच्या खोलीत होते. रिता भात वाढत होती. तेवढ्यात लांबून भोंगा वाजला. नेहमीचा, रोजचा. पेले खडखडले. टीव्ही धर, असं आज कोणीच म्हणालं नाही. प्रितमची नजर टीव्हीकडे गेली आणि रिताच्या धाकानं परत ताटात आली. रितानं हातातला डाव घट्ट धरला आणि गुड्डीकडे पाहिलं. ती उठली. रिताला वाटलं, आता दाराकडे जाईल.

ती दाराकडेच गेली. पण आधी वळून तिनं अमरला काखेत हात घालून उचललं. तो तिला झेपत नव्हता, पाय फरफटत होते. तिनं त्याला अंगणात नेऊन बसवलं. जाताना खांद्यावर घेतलेली खाटेवरची चादर त्याच्या अंगावर टाकली. मग परत आत आली, पेटीजवळ गेली आणि टीव्हीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

कोळशाचे डबे घराला हालवत जात होते. गुड्डीनं गाल काचेवरून उचलून रिताकडे पाहिलं. "मम्मी, तू बी जाय ना बाहीर," ती म्हणाली. "मी धरतो."

"सरक जराशी," देवकाबाई म्हणाली, "दिसून नाही राहिलं."